बासष्टचा हिशेब कोणी मागायचा?

आमच्या जयसिंगपुरात दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे, साखर कारखान्यांची धुराडी पेटण्याआधी, विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते. वीसहून अधिक वर्षे हा शिरस्ता चालू आहे. भाषणे होतात, ठराव होतात, दराचा आकडा जाहीर होतो. त्यात राजकारण असतेच. पण त्या गर्दीत बसलेला एकर-दीड एकर उसाचा धनी ज्या प्रश्नासाठी आलेला असतो तो अगदी साधा असतो. गेल्या हंगामात माझा ऊस नेलात, त्याचा उतारा किती पडला, साखर कितीला विकली आणि माझ्या वाट्याचे उरलेले पैसे कुठे आहेत? वजनकाट्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत प्रत्येक आकड्यावर त्याचा संशय असतो आणि तो संशय तो चारचौघांत बोलून दाखवतो. कारखान्याच्या संस्थापकांच्या तसबिरीला मनापासून हात जोडणारा हा माणूस त्यांच्याच वारसांकडे हिशेब मागायला कचरत नाही. या दोन गोष्टींत त्याला काही विसंगती वाटत नाही, आणि ती नाहीच.

याच शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचे गाव आहे. नावातच सगळे आले. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्या गावाची ख्याती. तिथले आणि आजूबाजूच्या खेड्यांतले जवान रजा संपवून जयसिंगपूरला किंवा मिरजेला गाडी धरतात, हे दृश्य इथल्या कोणालाही नवे नाही. म्हणजे जो तालुका उसाच्या पैशाचा हिशेब पैनपै मागतो, तोच आपली मुलेही सरहद्दीवर धाडतो. ज्यांनी ती मुले तिथे धाडली त्यांना त्या वेळी काय ठाऊक होते, त्यांनी देशाला काय सांगितले आणि या दोहोंत किती अंतर होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. असे विचारणे म्हणजे जवानांचा अपमान, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. मला तो समज मुळातच उफराटा वाटतो.

या दृष्टीने १९६२ च्या चीन युद्धाकडे पुन्हा पाहावे असे वाटते. हा विषय दिल्लीचा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचे धागे आपल्या दारावरून गेलेले आहेत. ज्यांनी तीन वर्षे आधी धोक्याची सूचना दिली ते सेनानी कोल्हापूर जिल्ह्यातले. ज्यांनी ती सूचना झिडकारली ते संरक्षणमंत्री मुंबईचे खासदार. आणि पराभवानंतर ज्यांच्या हाती चौकशीची किल्ली आली ते तर आपले यशवंतराव.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे वडगावचे. जन्म १९०६ चा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत पलटणीचे नेतृत्व करून डीएसओ मिळवलेले, कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख राहिलेले. १९५७ साली ते पूर्व विभागाचे मुख्य सेनापती झाले. त्यांचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते आणि आजचा अरुणाचल, म्हणजे तेव्हाचा नेफा, त्यांच्या विभागात येत होता. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी एक टिपण वर पाठवले. चीनकडून धोका खरा आहे, आपल्याजवळ असलेल्या फौजेनिशी नेफा राखता येणार नाही, आणि अगदी सीमारेषेवर ठाणी मांडून लढण्याचा हट्ट धरला तर ती ठाणी टिकणार नाहीत, असे त्याचे सार. त्यांचा उपाय शेतकऱ्यालाही पटेल असा व्यवहारी होता. सीमेवर फक्त पाळत ठेवणारी ठाणी असावीत. खरी लढाई मागे, जिथवर आपले रस्ते पोहोचतात, रसद पोहोचते आणि शत्रूची रसद मात्र लांबते, अशा रेषेवर द्यावी. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी ‘लाल किल्ला’ या नावाने याच विषयावर लष्करी सराव घेतला आणि तोच निष्कर्ष पुन्हा मांडला.

लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेले. मेनन यांचे मत ठरलेले होते. शत्रू असलाच तर पाकिस्तान. चीनचा प्रश्न राजनीतीने सुटणारा. थोरातांचे म्हणणे त्यांनी घबराट पसरवणारे म्हणून बाजूला सारले. थिमय्यांच्या नंतर लष्करप्रमुख म्हणून थोरातांचे नाव घेतले जात होते. १९६१ साली ते पद जनरल थापर यांना मिळाले आणि थोरात निवृत्त झाले. युद्धानंतर पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले, तेव्हा हे टिपण पाहून ‘हे मला का दाखवले गेले नाही’ असे पंडितजींनी विचारले आणि ‘याचे उत्तर मेनन यांनीच द्यायला हवे’ असे आपण म्हणालो, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

आता याच काळात लोकांना काय सांगितले जात होते ते पाहू. लडाखमधल्या अक्साई चीनमधून चीनने सिंकियांग-तिबेट रस्ता बांधून १९५७ साली तो पुरा केल्याचे खुद्द चिनी वृत्तपत्रांनी छापले. १९५८ च्या उन्हाळ्यात आपल्या गस्ती तुकड्या तिकडे गेल्या, त्यांतली एक चिन्यांनी पकडली. ऑक्टोबर १९५८ मध्ये दिल्लीने पेकिंगला निषेधाचा खलिता धाडला. संसदेला मात्र हे सारे कळले ते ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस, तेही नेफातल्या लोंगजू ठाण्यावर गोळीबार होऊन गवगवा झाल्यानंतर. पहिली श्वेतपत्रिका सप्टेंबरात आली. म्हणजे जवळजवळ वर्षभर सरकार आपल्याच संसदेपाशी गप्प राहिले. पंडितजींचा हेतू वाईट नव्हता. बोलणी चालू असताना लोकक्षोभ उसळला तर तडजोडीची वाट बंद होईल, हा त्यांचा हिशेब. पण लोकक्षोभ टाळण्यासाठी माहिती दडवली की ती बाहेर पडते तेव्हा क्षोभ दुप्पट होतो आणि मग खरोखरच तडजोडीला जागा उरत नाही. झालेही तसेच.

नोव्हेंबर १९५९ मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेला ग्वाही दिली की, स्वातंत्र्यानंतर आपली सेनादले इतक्या उत्तम स्थितीत कधीच नव्हती. थोरातांचे टिपण रवाना होऊन तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते. पंडितजींनी ते पाहिले नव्हते, हे थोरातांच्या आठवणीवरून मान्य करू. पण मग ज्यांनी पाहिले होते ते संरक्षणमंत्री त्याच सरकारात बसलेले होते. राज्यकर्त्याने स्वतः खोटे बोलणे आणि खरे सांगणारा कागद त्याच्यापर्यंत पोहोचू न देणे, यांत नीतिशास्त्राच्या दृष्टीने फरक असेल. नाम्का चू नदीच्या काठी सुती कपड्यांत थंडीने कुडकुडत उभ्या असलेल्या जवानाच्या दृष्टीने तो नव्हता.

या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग रणांगणावरचा नाहीच. तो मुंबईतला आहे. फेब्रुवारी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईत कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. देशभर गाजलेली लढत. आदल्या वर्षी लोकसभेत संरक्षण खात्याच्या कारभारावर घणाघाती टीका करणारे कृपलानी हाच मुद्दा घेऊन मतदारांपुढे आले होते. राज्यात यशवंतराव मुख्यमंत्री होते, काँग्रेसची सारी यंत्रणा मेनन यांच्या पाठीशी होती, कम्युनिस्टही होते. मेनन लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. कोणी म्हणेल, लोकांनी कौल दिला, विषय संपला. पण त्या मतदाराच्या हातात काय होते? एकीकडे मंत्र्यांचे आश्वासन, दुसरीकडे विरोधकाचा आरोप. वडगावच्या सेनानीचा कागद तिसऱ्याच ठिकाणी, दिल्लीच्या कपाटात. तो वाचून मतदारांनी मेनन यांना निवडले असते तर त्या कौलाला अर्थ होता. न वाचता दिलेला कौल म्हणजे वजनकाटा न पाहता केलेली सही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी सिलोनला निघालेल्या पंतप्रधानांनी पत्रकारांना सांगितले की, आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश सैन्याला दिलेले आहेत. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. २१ नोव्हेंबरला चीननेच एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. मधल्या महिन्यात नेमके तेच घडले जे थोरातांनी लिहून ठेवले होते: सीमेलगतची ठाणी एकामागून एक पडली. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मृत्युमुखी पडले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैद झाले. बेपत्ता हा शब्द कागदावर लहान दिसतो. ज्या घरी ती तार आली त्या घरच्या बाईने कुंकू लावायचे की नाही, हा प्रश्न तिने कोणाला विचारायचा?

लडाखमध्ये रेझांग ला येथे १८ नोव्हेंबरला मेजर शैतान सिंग यांची १३ कुमाऊँची तुकडी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. जे मोजके वाचून परतले त्यांच्या हकिकतीवर सुरुवातीला वरच्यांचा विश्वास बसेना. हिवाळ्यानंतर माणसे वर गेली तेव्हा बर्फात गोठलेली प्रेते हातात शस्त्र धरलेल्या स्थितीत सापडली. साध्या शिपायाला आपले खरे सिद्ध करण्यासाठी असा पुरावा द्यावा लागला. दिल्लीत बसलेल्या कोणाकडेही इतका कडक पुरावा कोणी मागितला नाही.

मेनन यांच्याकडून आधी संरक्षण खाते गेले आणि ७ नोव्हेंबरला मंत्रिपदही. थापर गेले, जनरल कौल गेले. आणि महाराष्ट्रातून यशवंतराव दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, या वाक्यावर आपल्या दोन पिढ्या पोसल्या आहेत, माझीही त्यांतलीच. नाशिककरांनी त्यांना लोकसभेवर बिनविरोध धाडले. घराघरांतून संरक्षण निधीला सोने दिले गेले. खचलेल्या सैन्याला यशवंतरावांनी पुन्हा उभे केले, हे निर्विवाद आहे आणि १९६५ साली त्याचा प्रत्ययही आला. कृष्णाकाठच्या या नेत्याबद्दल इथे आदर आहे तो उगाच नाही. पण ऊस परिषदेतल्या शेतकऱ्याप्रमाणे, तसबिरीला हात जोडूनही पुढचा प्रश्न विचारायला हवा.

नवे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी डिसेंबर १९६२ मध्ये पराभवाची कारणे शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांची समिती नेमली. तिच्यापुढे विषय ठेवले ते असे: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकूमतीची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची कुवत. यादी नीट वाचा. शिपाई आहे, सेनापती आहे, बंदूक आहे; मंत्री कुठेच नाही. इतकेच काय, खुद्द लष्करी मुख्यालयाच्या कारभारात शिरू नका, असेही समितीला सांगण्यात आले होते. पावसाने गळलेल्या घराची चौकशी करायची, पण छपरावर चढायचे नाही, असा हा प्रकार.

त्या काळात यशवंतरावांचे खासगी सचिव असलेले राम प्रधान (हेच पुढे अरुणाचलचे राज्यपाल झाले) यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आहे. समिती पंतप्रधानांवर किंवा आधीच्या संरक्षणमंत्र्यांवर ठपका ठेवील की काय, याची यशवंतरावांना मोठी चिंता होती; सरकारचाही बचाव व्हावा आणि सैन्याचे मनोबलही आणखी खचू नये, असा मार्ग ते शोधत होते, असे त्यातून दिसते. प्रधानांनी हे कौतुकाने लिहिले आहे आणि मुत्सद्देगिरी म्हणून ते कौतुकास्पद आहेही. मला मात्र त्यातली जुळणी खटकते. सरकारचा बचाव आणि सैन्याचे मनोबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एका दाव्यात गुंफल्या की मंत्र्यावर बोट ठेवणारा आपोआप जवानाचा वैरी ठरतो. मघाशी ज्या समजाचा उल्लेख केला त्याचे मूळ मला इथे दिसते.

अहवाल जुलै १९६३ मध्ये संरक्षणमंत्र्यांकडे पोहोचला. ऑगस्टमध्ये कृपलानींनी, जे मधल्या काळात पोटनिवडणुकीतून लोकसभेत परतले होते, नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारतातला हा पहिला अविश्वास ठराव. चार दिवस वादळी चर्चा झाली आणि ६२ विरुद्ध ३४७ मतांनी ठराव फेटाळला गेला. अहवाल सरकारच्या हाती होता. मत देणाऱ्या सभासदांच्या हाती नव्हता. मग २ सप्टेंबरला यशवंतरावांनी लोकसभेत त्यावर निवेदन केले. दीड वर्षापूर्वी उत्तर मुंबईच्या मतदारांचे जे झाले तेच आता साऱ्या देशाच्या प्रतिनिधींचे झाले. आधी निकाल, मग पुरावा, आणि तोही गोषवाऱ्याने.

त्या निवेदनात यशवंतरावांनी सांगितले की, अहवाल प्रसिद्ध केल्यास सुरक्षिततेला बाध येईल आणि सीमेचे रक्षण करणाऱ्यांच्या मनोबलावर परिणाम होईल. बाकी निवेदन प्रशिक्षण, साधने, नेतृत्व यांविषयी आहे. पण त्यात एक जागा अशी आहे की तिथे थबकावेच लागते. जगातल्या मोठ्यात मोठ्या आणि सुसज्ज सैन्यालाही सरकारकडून योग्य धोरण आणि प्रमुख आदेश मिळावे लागतात आणि ते आदेश सैन्याच्या आकाराशी व साधनसामग्रीशी मेळ खाणारे असावे लागतात, अशा आशयाचे ते वाक्य आहे. म्हणजे काय? म्हणजे सैन्याला त्याच्या ताकदीबाहेरचे आदेश दिले गेले आणि ते सरकारने दिले. यशवंतरावांनी नाव घेतले नाही, तारीख सांगितली नाही, आवाज चढवला नाही. पण खरे त्या एका वाक्यात ठेवून दिले. पंडितजी त्याच सभागृहाचे नेते असताना एवढे म्हणणेही सोपे नव्हते. पण तिथेच ते थांबले. ज्याला खरे काय ते कळले होते त्यानेच त्यावर कुलूप लावले, म्हणून मला या कहाणीत मेननपेक्षा यशवंतरावांचा विचार अधिक छळतो.

१९६३ साली ते कुलूप समर्थनीय होते, असे मी म्हणेन. चिनी फौजा समोर उभ्या होत्या, पाकिस्तान संधी शोधत होता, नव्या पलटणी उभ्या करायच्या होत्या. पण १९७३ चे काय? १९९३ चे काय? तात्पुरते म्हणून लावलेले कुलूप उघडण्याची तारीख कोणी लिहून ठेवली नाही, आणि मग प्रत्येक नव्या मंत्र्याने जुन्या मंत्र्याचे तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवले.

कागद बंद राहिले की हिशेब होत नाही असे नाही. तो चुकीच्या ठिकाणी होतो. १९६७ साली मेनन यांना काँग्रेसने मुंबईत उमेदवारी नाकारली. कारण नेफा नव्हते. कारण होते की ते महाराष्ट्राचे नाहीत. ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून पडले. बर्व्यांच्या अकाली निधनानंतर पोटनिवडणूक झाली, तीत बर्व्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांच्याकडून पुन्हा पडले. पुढे मेनन बंगालमधून आणि मग केरळमधून निवडून आले. ज्याबद्दल जाब द्यायचा त्याबद्दल निर्दोष सुटले आणि मल्याळी असल्याबद्दल शिक्षा भोगली! त्या निकालावर आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा पेढे वाटले असतील. बासष्टच्या विधवांच्या पदरात त्यातले काय पडले?

इथे पानिपताची आठवण होते. १७६१ च्या त्या पराभवावर आपण मराठी माणसे अजून हमरीतुमरीवर येऊन वाद घालतो. भाऊसाहेबांचे चुकले, होळकरांनी दगा दिला, बाजारबुणगे नडले. हा वाद पोकळ नाही, कारण त्यामागे कागद आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी वाईला सापडलेली पत्रे १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात छापली, ती नेमकी १७५० ते १७६१ या काळातली. पुढे पेशवे दप्तर आले. रसद किती दिवस पुरेल, पैसे का आले नाहीत, मदत कोणी नाकारली, हे आपण त्या त्या माणसाच्या शब्दांत वाचू शकतो. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या लढाईबद्दल जयसिंगपुरातला शाळामास्तर जितके खात्रीने बोलू शकतो, तितके त्याच्या आजोबांच्या हयातीतल्या लढाईबद्दल बोलू शकत नाही.

बाहेरच्या देशांत सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. १९७३ च्या ऑक्टोबर युद्धात इस्रायल बेसावध सापडला. तिथल्या अग्रानाट आयोगानेही दोष सेनाप्रमुखांवर आणि गुप्तहेर खात्यावर टाकला आणि मंत्र्यांना मोकळे सोडले, अगदी आपल्यासारखेच. फरक एवढाच की तो निष्कर्ष लोकांना कळला. आघाडीवरून परतलेला राखीव दलातला एक कॅप्टन सरकारी कचेरीसमोर फलक घेऊन एकटाच बसला होता, त्याच्यामागे हजारो लोक जमले आणि एप्रिल १९७४ मध्ये पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी राजीनामा दिला. इराक युद्धावरचा ब्रिटनमधला चिलकॉट अहवाल यायला सात वर्षे लागली; तो जुलै २०१६ मध्ये बारा खंडांत आला. टोनी ब्लेअर यांना कोणी तुरुंगात टाकले नाही. पण सद्दाम हुसेनच्या संहारक अस्त्रांबद्दल खात्री नसताना खात्री असल्यासारखे सांगितले गेले, हे आता सरकारी कागदावर आहे आणि ते कोणीही वाचू शकतो. पाकिस्तानचे उदाहरण तर आपल्याला लाजवणारे. १९७१ च्या पराभवाची चौकशी करणारा हमूदुर रहमान आयोगाचा अहवाल तिथे जवळजवळ तीस वर्षे दडवला गेला. ऑगस्ट २००० मध्ये त्याचा भाग भारतातल्या एका नियतकालिकाने छापला, तेव्हा वर्ष संपता संपता पाकिस्तानच्या लष्करी राजवटीला तो खुला करावा लागला. दुसऱ्याचा अहवाल फोडण्यात आपण किती तत्पर!

कारगिलच्या वेळी, न्यायाने सांगायचे तर, आपण एक पाऊल पुढे गेलो. के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये, काही भाग गाळून का होईना, संसदेच्या पटलावर आला. घुसखोरीचा सुगावा का लागला नाही, यावर उघड चर्चा झाली आणि त्यातून पुढे काही सुधारणाही झाल्या. पण व्यक्तिगत जबाबदारी ठरवण्याच्या बाबतीत तोच जुना गोंधळ. अमेरिकेतून प्रत्येकी अडीच हजार डॉलरला ५०० शवपेट्या घेतल्याच्या व्यवहारावर कॅगने २००१ साली ताशेरे ओढले. विरोधकांनी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर सभागृहात बहिष्कार घातला, ‘कफनचोर’ म्हणून घोषणा दिल्या. बारा वर्षांनी, २०१३ च्या डिसेंबरात, न्यायालयाने त्या प्रकरणातल्या आरोपींना मुक्त केले. तोपर्यंत जॉर्ज आजारपणाने विस्मृतीत गेले होते. वेळेवर कागद समोर आले असते तर दोषी असता तो अडकला असता, निर्दोष असता तो सन्मानाने सुटला असता. उशिरा झालेल्या चौकशीत दोघेही बुडतात.

मुंबईच्या ‘आदर्श’ इमारतीची गोष्टही त्याच युद्धाच्या नावाने झाली. कुलाब्याच्या त्या ३१ मजली इमारतीवरून नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. कारगिलच्या वीरपत्नींची घरे नेत्यांनी आणि अधिकाऱ्यांनी बळकावली, असा समज घरोघरी पसरला. निवृत्त न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या आयोगाने सांगितले की जागा राज्य सरकारची होती आणि ती कारगिलसाठी राखीव नव्हतीच. अंतिम अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडला गेला आणि त्याच दिवशी सरकारने तो फेटाळला. टीका झाल्यावर पंधरवड्यात अंशतः स्वीकारला. खटल्याची परवानगी एका राज्यपालांनी नाकारली, दुसऱ्यांनी २०१६ साली दिली, ती २०१७ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने रद्द केली. २०२४ च्या फेब्रुवारीत चव्हाण भाजपमध्ये गेले. कोण दोषी, कोण नाही, याबद्दल मला निवाडा द्यायचा नाही. पण मुळात अहवाल सभागृहापुढे आला म्हणून तरी जमिनीबद्दलचे खरे काय ते आज तुम्हा-आम्हाला सांगता येते. बासष्टच्या बाबतीत एवढेही झालेले नाही.

मग तो अहवाल आज आहे कुठे? ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकारात तो मागितला. मार्च २००९ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने त्यातला कोणताही भाग देण्यास नकार दिला. एप्रिल २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की, त्यातला मजकूर आजही लष्करी दृष्ट्या उपयोगाचा आणि म्हणून संवेदनशील आहे. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने आपल्याजवळचा भाग जगापुढे ठेवला. तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या अरुण जेटली यांनी इतक्या वर्षांनी ही गुप्तता कशासाठी, असा सवाल केला. चार महिन्यांनी तेच संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत उत्तर देत होते: अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही. या एका कुलपाबाबत काँग्रेस आणि भाजप यांच्यात कसलाही मतभेद नाही.

कायद्याने वाट अगदीच बंद आहे असेही नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पंचवीस वर्षांनी कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला हवेत. माहिती अधिकाराच्या कायद्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांवरच्या बऱ्याच बंधनांना मुभा आहे, पण सुरक्षिततेचे बंधन त्यातून वगळलेले आहे आणि नेमके तेच पुढे केले जाते. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास वेळेत लिहिण्याचे आणि साधारणपणे पंचवीस वर्षांनी कागद खुले करण्याचे धोरण जाहीर केले, ते चांगलेच आहे. त्याच मंत्रालयाने तयार करवून घेतलेला बासष्टचा इतिहास, ज्याच्या लेखकांत आपले कर्नल अनिल आठल्ये आहेत, १९९२ सालीच लिहून झाला होता आणि तोही मोजक्या प्रतींत, आतल्या आत राहिला.

आमचा खासदार हातकणंगले मतदारसंघाचा. ऊसदराबद्दल त्याला आम्ही प्रचारसभेत उभे करून प्रश्न विचारतो. थोरातांचे वडगाव त्याच मतदारसंघात, सैनिक टाकळीही त्याच मतदारसंघात. लोकसभेत तारांकित प्रश्न टाकायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. उत्तर बहुधा १९६३ चेच येईल. पण ते १९६३ चेच आहे, हे तरी सभागृहाच्या कामकाजात पुन्हा एकदा छापले जाईल.

तोवर आपल्यापुढे आहे ते मॅक्सवेल यांच्याकडून आलेले. त्या पहिल्या खंडातली काही पाने गळलेली आहेत, आणि दुसरा खंड बाहेर आलेलाच नाही.